आधी चेहरा, मग नाव

बुधवार, ८ ऑक्टोबर

पोचले एकदाची. ट्रंक, वळकटी, औषधांची पेटी आणि मी, असं सगळं सामान न फुटता आलं. गाडीवाल्याने फाटकापाशीच उतरवलं आणि पुढे चढण आहे म्हणून काढता पाय घेतला. फाटकावरचा म्हातारा पहारेकरी मात्र भला माणूस. त्याने ट्रंक हातगाडीवर घातली आणि वर येईपर्यंत शाळेचा अख्खा इतिहास ऐकवला. कुठला मजला मागाहून चढवला, कुठल्या झाडावर वीज पडली, कुठल्या मुख्याध्यापिकेला कुत्र्यांचं वेड होतं. मी आपली हं हं करत होते. दम लागला होता, पण बावन्नाव्या वर्षी नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी तो दाखवणं बरं दिसत नाही.

मुलींची निवासी शाळा आहे. दगडी इमारत, मागे मैदान, मैदानाच्या कडेने उंच झाडांची रांग. पानगळ ऐन भरात आहे. झाडायला दोन माणसं लावली आहेत, ती झाडून पाठ वळवतात तोवर मैदान पुन्हा पिवळंजर्द. त्यांची चिडचिड बघून मला हसू आलं, पण आपलं काम तरी काय वेगळं असणार! चादरी धुवायच्या, त्या मळायच्या, पुन्हा धुवायच्या.

मेट्रनची, म्हणजे आता माझी, खोली पहिल्या मजल्याच्या टोकाला आहे. खिडकी मैदानावर उघडते. नळ गळतो, कपाटाचं दार उचलून लावावं लागतं, आणि पलंग इतका प्रशस्त आहे की मी त्याच्या एका काठाला झोपले तर उरलेल्यात एक कुटुंब राहील. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. आवाज असा की शेवटच्या बाकावरची मुलगीही ताठ बसावी. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा दिला, हसून पाठ थोपटली आणि म्हणाल्या, बरं झालं आलात, शनिवार-रविवार आमची धमाल असते.

रविवारी ठकी येणार आहे. माझी धाकटी बहीण. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गोल डोळ्यांची आणि ठेंगणी होती म्हणून ठकी, ती आता चाळिशी ओलांडली तरी ठकीच. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिची वेणीफणी, शाळा, परीक्षा, लग्न, सगळं मीच केलं. मंगळवारी ती नवऱ्याबरोबर परदेशी जाते आहे, कायमची. रविवारी शाळेत भेटीचा दिवस आहे, तेवढीच एक दुपार आमच्या वाट्याला. ती गेली की मला ताई म्हणणारं कोणी उरत नाही. लिहून टाकलं, आता त्यावर पुन्हा विचार करायचा नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

दिवसभर पायाला भिंगरी. नखं तपासली, दोघींचा ताप मोजला, एकीच्या डोक्यात उवा निघाल्या तर तिने जी काय रडारड केली, जणू मीच त्या सोडल्या. चादरींच्या खोलीत जाऊन सगळ्या घड्या नव्याने घातल्या. आधीच्या मेट्रनबाईंना घडी म्हणजे काय हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

मुलींची खरी नावं लक्षात राहणं कठीण आहे, म्हणून मी माझ्यापुरती नावं ठेवली आहेत. एक घारी, एक भोपळी, एक लांबवेणी. लांबवेणी सगळ्यांत वरच्या वर्गातली, पुढारी. ती जिथे जाईल तिथे बाकीच्या मागे. मला बघून मुली बाई म्हणतात, हसतात आणि घोळक्यात परत जातात. बरं आहे. ओळख व्हायला वेळ लागतोच.

या शनिवार-रविवारची तयारी सगळीकडे चालली आहे. रस्सीखेच, तीन पायांची शर्यत, वाळलेल्या पानांची चित्रं, संध्याकाळी शेकोटी, एक नाटुकलं. आणि शनिवारी दुपारी सगळ्या शाळेचा लपंडाव. राज्य कायम नव्या माणसावर. शाळेत नवं कोण आहे, तर मी! मुलींनी टाळ्या पिटल्या. मीही मान डोलावली, म्हातारपणी कुठे नाही म्हणत बसा.

स्वयंपाकघरातल्या मावशींनी बटाटे सोलता सोलता नियम सांगितले. मुली स्वेटर अदलाबदल करून लपतात, म्हणजे बाही दिसली म्हणून नाव घ्यायला जावं तर आत दुसरीच निघते. चुकीचं नाव घेतलं की राज्य पुन्हा आपल्यावरच. तेव्हा आधी चेहरा, मग नाव, असं मावशी म्हणाल्या. मी म्हटलं ठीक. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि तेच पुन्हा सांगितलं, पडदा सारून चेहरा बघितल्याशिवाय तोंडातून नाव काढू नका बाई. एवढ्या गंभीरपणे की मला वाटलं लपंडावाची परीक्षा असते की काय.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

रस्सीखेचीचा सराव बघायला गेले आणि मलाच धरून ओढलं. आमची बाजू हरली, मी पालथी पडले, घारीने मला उठवून माझ्या केसातली पानं काढली. इतक्या दिवसांनी कोणीतरी माझ्या केसांना हात लावला. मजेची गोष्ट आहे, पण खोलीत येऊन मी थोडी रडले.

जेवणाच्या टेबलावर शिक्षिका आपापल्या ठरलेल्या जागी बसतात. वर्षानुवर्षांचे विनोद आहेत, त्यातला एक शब्द म्हटला की सगळ्या हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसते, अर्धा क्षण उशिरा. कोणी मुद्दाम दूर ठेवत नाही. विचारपूस करतात, मीठ पुढे करतात. तरीही मी वाढून घेतलेलं लवकर संपवते आणि काम आहे म्हणून उठते.

ठकीचा फोन आला होता. कचेरीतून मला बोलावलं. बॅगांची वजनं होत नाहीत, नवरा वैतागलाय, आणि ताई तू रविवारी नट्टापट्टा करून बस, असं एका दमात बोलली. मी म्हटलं, तू वेळेवर ये म्हणजे झालं. फोन ठेवल्यावर पुष्कळ काही बोलायचं राहिलं असं वाटलं. रविवारी बोलेन.

शनिवार, ११ ऑक्टोबर, दुपार

हे आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे डोकं शांत होईल.

सकाळ झकास गेली. तीन पायांच्या शर्यतीत भोपळी आणि तिची जोडीदारीण सुरुवातीलाच पडल्या आणि तिथेच बसून हसत राहिल्या. मोठ्या बाईंनी शिट्टी वाजवून वाजवून गाल लाल करून घेतले. सगळं मैदान नुसतं किलबिलत होतं.

जेवणानंतर लपंडाव. मी व्हरांड्याच्या खांबाकडे तोंड करून डोळे झाकले, मग निघाले. खरं सांगते, मला फार मजा येत होती. जिन्याखाली दोघी, जेवणाच्या टेबलाखाली सहा, मैदानावरच्या चटयांच्या गुंडाळीत घारी. प्रत्येकीचा चेहरा बघायचा, नाव विचारायचं, मग घ्यायचं. दोन ठिकाणी फसता फसता वाचले. शेवटी एकटी लांबवेणी राहिली.

वर संगीताची खोली आहे. पियानो, काही खुर्च्या आणि खिडकीला जमिनीपर्यंत येणारा जड हिरवा पडदा. पडद्याखाली एक पाऊल दिसलं. एकच, कारण दुसरं त्याच्यावर ठेवलेलं होतं. टाच उचललेली, एका पायाची बोटं दुसऱ्या पायावर. ठकी लहान असताना अशीच लपायची. तिला वाटायचं एक पाय लपवला की अर्धी तरी दिसत नाही. मी दारातच उभी राहिले. तोंडातून निघून गेलं, ठके, दिसलीस, ये बाहेर.

पडद्यामागे कोणीतरी खुदकन हसलं.

आणि माझ्या पाठीमागून लांबवेणीचा आवाज आला. ती दारात उभी होती. मी ट्रंकांच्या खोलीत लपले होते, कंटाळून बाहेर आले, असं म्हणत होती. मी जाऊन पडदा सारला. खिडकी बंद, कडी लावलेली. पडद्यामागे कोणी नव्हतं.

लांबवेणीने विचारलं, बाई, तुम्ही आत्ता कुणाचं नाव घेतलंत. मी सांगितलं, माझ्या बहिणीचं, सहज निघालं. एव्हाना बाकीच्या मुली जिन्यात जमल्या होत्या. कोणी हसलं नाही. घारी दोन पायऱ्या खाली उतरली, मग सगळ्याच उतरल्या.

शनिवार, संध्याकाळ

शेकोटी मोठी होती. सगळ्या गाणी म्हणत होत्या. मी बसले त्या बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना जागा होती आणि ती शेवटपर्यंत तशीच राहिली. भोपळी बशी घेऊन आली, मला बघून वळली आणि उभ्याने खाल्लं. मी तिला हाक मारणार होते, पण मग म्हटलं, जाऊ दे.

नाटुकलं चालू असताना मी उठून वर आले. व्हरांड्यात अजून उजेड होता. चादरींच्या खोलीजवळ पोचले आणि आतून कोणीतरी ताई म्हणालं. इथे मला ताई कोणी म्हणत नाही. दार उघडलं. घड्या घातलेल्या चादरी, बाकी काही नाही.

भीती वाटली हे खरं. पण तो शब्द ऐकून बरं वाटलं हेही खरं.

रविवार, १२ ऑक्टोबर, सकाळ

मावशींनी नाश्त्यानंतर मला भांडी घासायच्या मोरीपाशी नेलं आणि नळ मोठा सोडून बोलल्या, म्हणजे कुणाला ऐकू जायला नको. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

खूप वर्षांपूर्वी इथे गाणं शिकवणाऱ्या एक बाई नव्या आल्या होत्या. घरी आजीपाशी ठेवलेली त्यांची सात वर्षांची मुलगी रविवारी भेटायला येणार होती. शनिवारी त्यांच्यावर राज्य. त्याच पडद्याखाली त्यांना पाऊल दिसलं, आणि लेकीच्या आठवणीने त्यांनी लेकीचं नाव घेतलं. मावशी म्हणाल्या, या घरात एक लपलेलं आहे बाई. त्याला नाव नाही. चेहरा न बघता जे नाव द्याल ते घेतं आणि सोडत नाही. मग त्या नावाचं माणूस इथे आलं की तेही लपतं, आपण होऊन लपतं, आणि दोघं मिळून ज्याच्यावर राज्य त्याला खेळवतात.

मी विचारलं, मग पुढे काय झालं. मावशी म्हणाल्या, रविवारी पोर आली आणि दिसेनाशी झाली. संध्याकाळी बाईंनी हरले म्हटल्यावर दोघी बाहेर आल्या. पाठमोऱ्या. बोट दाखवून नाव घ्यायचं, एकदाच. जिच्याकडे बोट जाईल ती ते नाव घेऊन घरी जाते, दुसरी नाव गमावून इथे लपून राहते. गाण्याच्या बाई घाबरलेल्या. चुकल्या.

घरी गेली ती पोर गुणी निघाली म्हणे. कधी आजारी नाही, कधी हट्ट नाही. फक्त कधी समोर आली नाही. आई स्वयंपाकघरात गेली की ती माजघरात, आई माजघरात गेली की ती अंगणात. हसायची तेवढी ऐकू यायची. वर्षभराने बाई परत आल्या आणि संगीताच्या खोलीत पडद्याशी बोलत बसू लागल्या. आता त्या नाहीत. मावशी रोज एक ताट वर नेऊन ठेवतात. ताट रिकामं परत येतं. पोर आहे, भूक लागणारच, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

मोठ्या बाईंना त्यांनी हा खेळ बंद करा म्हणून विनवलं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, असल्या खुळचट समजुतींना शाळेत थारा नाही, आणि परंपरा मोडायची नाही. मावशींनी माझा हात धरला, त्यांचे हात साबणाचे होते. म्हणाल्या, बहिणीला आज येऊ देऊ नका. फोन करा. काहीही थाप मारा, साथ आहे म्हणा, पण येऊ देऊ नका.

रविवार, थोड्या वेळाने

कचेरीत गेले. ठकीचा नंबर लावला. तिकडे घंटी वाजत होती. मनाशी ठरवलं होतं, गोवराची साथ आहे म्हणायचं.

मग वाटलं, मंगळवारी ती जाणार. आज नाही तर कधीच नाही. एका भांडी घासणाऱ्या बाईच्या बोलण्यावरून मी माझ्या बहिणीला न बघता जाऊ देऊ? घंटी वाजतच होती.

कोणी उचलायच्या आत मी फोन ठेवला.

मावशींना सांगितलं, लागत नाही. त्यांनी नळ बंद केला. हात पुसून आत गेल्या.

रविवार, दुपार

पालक आले आहेत. मैदान माणसांनी फुललं आहे. आई-मुलींची तीन पायांची शर्यत चालू आहे, आया मुलींपेक्षा जास्त पडतात. मी चांगले कपडे घातले, केस नीट बांधले. फाटकाकडे डोळे लावून बसले होते, तेवढ्यात एका मुलीचं नाक फुटलं म्हणून आजाऱ्यांच्या खोलीत बोलावणं आलं. बोळा धरून बसले. परत आले तर ठकीचा नवरा व्हरांड्यात एकटा चहा पीत उभा.

म्हणाला, भेटली ना? आल्या आल्या पुढे पळाली. म्हणाली, ताईला दचकवते, तुम्ही मागून या.

मी हसले, म्हटलं, असेल वरती, बघते.

रविवार, दुपार

वर माझ्या खोलीत तिची शाल आहे, पलंगावर टाकलेली. हात लावला. उबदार आहे. तिच्या साबणाचा वास. उशीवर डोकं टेकल्याचा खळगा. पलंगाच्या मधोमध, मी कधी झोपत नाही तिथे.

मुलींना विचारलं. घारी म्हणाली, त्या आत्ताच जिना चढून गेल्या. भोपळी म्हणाली, चादरींच्या खोलीत शिरताना दिसल्या. लांबवेणी म्हणाली, मला रस्ता विचारला, खूप हसत होत्या. सगळ्यांना दिसली. बोलताना माझ्याकडे मात्र कोणी बघत नाही.

चादरींची खोली. नाही. ट्रंकांची खोली. नाही. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज, माझ्यापुढे एका वळणावर. मी वळले की तो पुढच्या वळणावर.

ठके, पुरे झालं असं ओरडावंसं वाटतं. तोंड दाबून धरलंय. नाव घ्यायचं नाही. चेहरा बघितल्याशिवाय नाही.

रविवार, दुपार कलली

तिचा नवरा आता वैतागला आहे. म्हणतो, हा काय पोरकटपणा, अजून अर्ध्या बॅगा बांधायच्यात. स्वतः जाऊन सगळे वर्ग बघून आला. त्याला दोनदा दिसली म्हणे, पाठमोरी. हाक मारली तर हसत कोपऱ्यावरून वळली. तो लपणाऱ्यांतला नाही आणि शोधणाऱ्यांतलाही नाही, म्हणून त्याला दिसते. मला दिसत नाही. माझी ती, मी वाढवलेली, आणि फक्त मलाच दिसत नाही.

मावशी जिन्याच्या तळाशी उभ्या आहेत. वर येत नाहीत. मी त्यांना खरं सांगितलं, की फोन मीच ठेवला. त्या म्हणाल्या, कळलं होतं मला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुन्हा वर

पालक परत निघालेत. मैदानावर गाड्या सुरू होतायत.

चादरींच्या खोलीतून— ताई, इकडे.

संगीताच्या खोलीतूनही. त्याच वेळी. तोच आवाज. ताई, इकडे.

दोन्ही आवाज ठकीचे. एक हसतोय. दुसरा—

दुसरा हसत नाहीये.

संगीताची खोली

खुर्चीवर बसले आहे. वही गुडघ्यावर ठेवून लिहिते, लिहिलं नाही तर ओरडेन.

पडदा ओढलेला आहे. पाऊल आहे. टाच उचललेली. बाजूला दुसरं पाऊल. तसंच.

मोठ्याने म्हटलं. हरले मी. या बाहेर.

पडदा हलला.

दोघी आहेत. खिडकीकडे तोंड. दोघींची एकसारखी निळी साडी, तीच वेणी, मानेजवळ तेच चार पांढरे केस. सहा वर्षांची असल्यापासून विंचरलेत मी ते केस आणि मला—

डावीकडचीचे खांदे हलतायत. हसतेय.

उजवीकडचीचेही. पण ती आवाज करत नाही. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलंय. आई गेली त्या दिवशी फ्रॉकचं टोक असंच धरून उभी होती, आवाज न करता.

ओळखली. देवा, ओळखली मी. उजवीकडची.

आता फक्त बोट दाखवायचं. ठकी म्हणायचं. ती जाईल. नवऱ्याबरोबर, गाडीत बसून. मंगळवारी विमानात—

तो जिना चढतोय. हाका मारतोय तिला. खऱ्या नावाने.

ती जाईल. कायमची.

डावीकडची गेली तर त्याला काय कळणार आहे. दिवसभर कचेरीत असतो. घरी आला की वर्तमानपत्र तोंडासमोर. बायको पलीकडच्या खोलीत हसतेय एवढं ऐकू आलं की त्याला पुरे. कधी भांडणार नाही, आजारी पडणार नाही—

आणि ही इथे. दिसणार नाही, हो. पण ताई म्हणेल. रोज. मी ताट वर आणेन. तिला आवडतं ते सगळं. मी केस—

उजवीकडची बोलली. हळू. ताई, मला घरी जाऊ दे ना.

हो गं राणी. रडू नकोस. ताई आहे ना.

दार वाजवतोय. कडी मी लावली होती? आठवत नाही.

डावा हात उचललाय. एकदाच, मावशी म्हणाल्या. ठकी म्हणायचं आणि—

हसणारी गप्प झाली. हसायची थांबली. तिला कळलं वाटतं, माझं बोट कुणाकडे—